जुनं शिलाई मशीन ऑनलाइन लिलावात कसं विकायचं?

सांगली-मिरजेत बहुतेक घरांत कुठल्या ना कुठल्या कोपऱ्यात एक शिलाई मशीन असतंच. सासूबाईंनी त्यावर ब्लाउज शिवून मुलांच्या फिया भरलेल्या असतात, नाहीतर कुणीतरी उन्हाळी सुट्टीत क्लास लावला म्हणून ते घेतलेलं असतं. ते विकायचं ठरलं की पहिल्यांदा दारात येतो भंगारवाला, आणि तो हेड, स्टँड, पायदान सगळं एकदम काट्यावर घालतो. चालू मशीन किलोच्या भावाने जाताना पाहिलं की जीव तुटतो. कारण त्याच आठवड्यात गावातली दुसरी एखादी बाई जुनं पण चांगलं मशीन मिळेल का म्हणून विचारत फिरत असते.

ठरावीक किमतीची जाहिरात टाकली तर "लास्ट किती?" एवढाच मेसेज येतो आणि बोलणं तिथेच संपतं. लिलावात निदान ज्यांना खरोखर घ्यायचंय ते समोर येतात, आणि किंमत त्यांची त्यांच्यातच ठरते.

लिलाव सांगलीला नवा नाही. मार्केट यार्डात हळदीचे आणि बेदाण्याचे सौदे होतात, तिथे व्यापारी हळकुंड मोडून आतला रंग बघतो आणि मगच बोली लावतो. ऑनलाइन लिलावात हळकुंड मोडायला समोरचा माणूस हजर नसतो, म्हणून ते विकणाऱ्यानेच मोडून दाखवायचं असतं. ज्याने मशीन उघडून, चालवून, दोषासकट दाखवलं त्याला बोली येते. पुढच्या सगळ्या पायऱ्या याचसाठी आहेत.

आधी मशीन नीट ओळखा

"जुनं मशीन विकणे आहे" एवढ्याने काहीच कळत नाही. काळं, सरळ टाक्याचं, पायाने चालणारं घरगुती मशीन वेगळं. टेलर लोक ज्याला फुल शटल म्हणतात ते जड मशीन वेगळं. पिको-फॉलचं, इंटरलॉकचं, हलक्या प्लास्टिक बॉडीचं झिगझॅगचं, आणि जुकी किंवा जॅकसारखं टेबलात मोटर बसवलेलं पॉवर मशीन, या प्रत्येकाचं गिऱ्हाईक वेगळं असतं. साधं काळं मशीन शिकाऊ मुली, बचत गटातल्या बायका आणि दुरुस्तीवाले घेतात. पॉवर मशीनला विचारणा इचलकरंजी-विट्याकडच्या छोट्या शिलाई युनिटांतून येऊ शकते. कोणासाठी लिहितोय हे ठरलं की जाहिरातीत काय सांगायचं ते आपोआप ठरतं.

कंपनी, मॉडेल आणि मशीनचा नंबर कागदावर उतरवून घ्या. सिंगरचं मशीन असेल तर हेडच्या बैठकीवर उजव्या अंगाला नंबर ठोकलेला असतो. नंबराच्या सुरुवातीला इंग्रजी अक्षर नसेल तर मशीन साधारण १९०० च्या आधीचं. मॉडेलच्या आकड्यामागे 'के' असेल, जसं १५के, ६६के, ९९के, तर ते स्कॉटलंडमधल्या क्लाइडबँकच्या कारखान्यात बनलेलं. १८५१–१९५१ लिहिलेला निळा बिल्ला असेल तर ते कंपनीच्या शताब्दीच्या सुमाराचं. नंबरावरून वर्ष सांगणाऱ्या याद्या इंटरनेटवर सहज मिळतात.

इथे दोन गोष्टी जरा थांबून सांगते, कारण यात लोक फसतात.

पहिली गोष्ट 'लाल पाऱ्याची'. जुन्या सिंगर मशीनमध्ये लाल पारा असतो आणि त्याला लाखो रुपये मिळतात, अशी अफवा २००९ मध्ये सौदी अरेबियात उठली होती आणि तिथे जुन्या मशीनच्या किमती वेड्यासारख्या चढल्या होत्या. मशीनमध्ये असलं काहीही नसतं. तरी "तुमचं मशीन पाच लाखाला घेतो, आधी नोंदणीचे दोन हजार पाठवा" असा फोन आला तर तो त्याच अफवेच्या जोरावर चाललेला धंदा आहे, सरळ फोन ठेवा. सिंगरने अशी लाखो मशीनं बनवली. जुनं म्हणजे दुर्मिळ, असं नसतं.

दुसरी गोष्ट कायद्याची. मशीन शंभर वर्षांपेक्षा जुनं ठरत असेल आणि परदेशातल्या ग्राहकाला विकायचा विचार असेल तर थांबा. १९७२ च्या पुरावशेष कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी ऐतिहासिक महत्त्वाची वस्तू खाजगी व्यक्तीला देशाबाहेर पाठवता येत नाही. वस्तू त्या व्याख्येत बसत नाही असा दाखला भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून घ्यावा लागतो. देशातल्या देशात विकायला ही अडचण नाही.

मशीन सरकारी योजनेतून किंवा संस्थेकडून मिळालेलं असेल तर मिळाल्याचा कागद काढून वाचा. ते विकायचं नाही अशी अट असू शकते.

साफसफाई: इथे घाई नको

घरातली निम्मी 'जाम' मशीनं बिघडलेली नसतातच, त्यांत खोबरेल तेल घातलेलं असतं. मशीनचं तेल संपलं म्हणून कुणीतरी कधीतरी डोक्याला लावायच्या बाटलीतलं दोन थेंब सोडलेलं असतं. खोबरेल थंडीत गोठतं आणि काही वर्षांत धुळीशी मिसळून चिकट, तपकिरी थर होतो. चाक हाताने फिरवलं की गूळ ढवळल्यासारखं जड लागतं. अशा वेळी जोर लावू नका. वरचे तेलाचे छेद, सुईचा दांडा, शटलची (खालचा दोरा अडकवणाऱ्या भागाची) जागा, आणि हेड मागे कलवून खालचे सांधे, या सगळ्यांवर रॉकेलचे थोडेथोडे थेंब सोडा, चाक हळूहळू पुढेमागे फिरवा आणि रात्रभर ठेवा. सकाळी काळं पाणी गळलेलं दिसेल. ते पुसून पुन्हा फिरवा, आणि चाक मोकळं झालं की शिलाई मशीनचं पातळ तेल घाला. मोटर असेल तर आधी प्लग काढा आणि मोटरपासून रॉकेल लांब ठेवा.

सुईखालची प्लेट काढून कापड पुढे ढकलणाऱ्या दात्यांमध्ये अडकलेला कापसाचा नमदा जुन्या टूथब्रशने काढा. बॉबिन केस (खालच्या दोऱ्याच्या रिळाची डबी) काढा, शटलभोवती गुंडाळलेला दोरा चिमट्याने ओढून काढा. सुई नवीन बसवा. चामड्याचा पट्टा सैल झाला असेल तर कापून नवी क्लिप मारा. एवढ्याने मशीनचा आवाजच बदलतो.

रंगाला मात्र हात लावू नका. सिंगरच्या जुन्या काळ्या हेडवरची सोनेरी नक्षी लाखेच्या थराखाली असते, आणि स्पिरिट किंवा थिनर लागला की तो थर विरघळतो. सौम्य साबणाच्या पाण्यात पिळलेलं मऊ फडकं पुरे. "चकाचक दिसेल" म्हणून काळा ऑइलपेंट मारलेली मशीनं मी पाहिली आहेत. संग्राहक त्याकडे ढुंकून बघत नाही आणि टेलरला शंका येते की रंगाखाली काय लपवलंय.

आपल्याकडे आणखी एक गोष्ट आहे, पूर. २००५, २०१९, २०२१ मध्ये कृष्णेचं पाणी ज्या घरांत शिरलं तिथली मशीनं भिजली. तुमचं मशीन पाण्यात गेलं असेल तर ते जाहिरातीत लिहा. लपवलं तरी हेडच्या खालच्या बाजूचा गंज, फुगलेली फळी आणि स्टँडच्या पायांवरची गाळाची रेघ बोलतेच. पण "२०१९ च्या पुरात भिजलं होतं, नंतर पूर्ण उघडून तेल दिलं, आता चालू आहे, व्हिडिओ पाहा" असं लिहिलं तर बोली येते, कारण ओतीव लोखंडाचं मशीन पाण्याने संपत नाही. भिजलेली मोटर मात्र चालू म्हणून विकू नका. शॉक बसण्याचा धोका असतो. मोटर काढून ठेवा आणि हातचाकाने किंवा पायदानाने चालणारं मशीन म्हणून विका.

टाका दाखवा

वर लाल दोरा, बॉबिनमध्ये पांढरा. दोन पदरी सुती कापडावर वीतभर सरळ शिलाई मारा. मग कापड उलटं करा. खालच्या बाजूला लाल दोऱ्याचे ठिपके किंवा फासे दिसत असतील तर वरचं टेन्शन (दोऱ्याचा ताण) सैल आहे, वरच्या बाजूला पांढरे ठिपके दिसत असतील तर ते जास्त आवळलंय. दोन्ही बाजूंनी टाका सारखा बसेपर्यंत जुळवा. तोच तुकडा, दोन्ही बाजूंनी, जवळून फोटो काढून जाहिरातीत टाका. शिलाई जाणणारी बाई आधी तोच फोटो उघडते. मशीन जाड कापड ओढतं असा दावा असेल तर जीन्सच्या घडीवरही एक शिलाई मारून दाखवा. दावा नसेल तर नका दाखवू.

फोटो सकाळी दाराजवळच्या उजेडात काढा. फ्लॅश नको. समोरून, मागून, हेड कलवून खालून, नंबर, शटल, फळी, स्टँड, पट्टा, आणि प्रत्येक दोष. कोपऱ्यातलं फुटलेलं सनमायका, तुटलेलं ड्रॉवर, बदललेला स्क्रू, सगळं दाखवा. मग एका मिनिटाचा व्हिडिओ, मध्ये न तोडता: आधी हाताने चाक हळू फिरवा, मग दोरा ओवून शिवा, मग टाका कॅमेऱ्याजवळ न्या. मागे टीव्ही बंद ठेवा, मशीनचा आवाज स्वच्छ ऐकू यायला हवा.

मजकूर असा असला की पुरे:

"उषा, काळं, पायाने चालणारं, सरळ टाका. एकाच घरात वापरलेलं. स्टँड ओतीव लोखंडी, फळी लाकडी. साफ करून तेल दिलंय, टाक्याचा फोटो आणि व्हिडिओ सोबत. दोष: फळीच्या डाव्या कोपऱ्यावर पाण्याचा डाग, पायदान थोडं वाजतं, झाकण नाही. सोबत चार बॉबिन आणि जादा पट्टा. ठिकाण विश्रामबाग, सांगली. शनिवारी चार ते सहा प्रत्यक्ष बघता येईल."

घराचा पूर्ण पत्ता उघड लिहू नका. बघायला येणाऱ्याला फोनवर द्या, आणि त्या वेळी घरात आणखी कोणी असू द्या.

लिलाव मांडायचा कुठे?

'बाझी' नावाची भारतीय लिलावाची साइट २००४ मध्ये ईबेने घेतली आणि पुढे ती ईबे इंडिया झाली. २०१७ मध्ये ती फ्लिपकार्टकडे गेली आणि ऑगस्ट २०१८ मध्ये बंद पडली. परदेशी ईबेवर इथून विकता येतं, पण दहा-बारा किलोचं हेड समुद्रापार पाठवायचा खर्च बघता ते फारच खास मशीन असेल तरच परवडेल. जुन्या सिंगरचे सुटे जोड, काजाचं उपकरण, चुणीचा पाय, मूळ पत्र्याची डबी अशा हलक्या वस्तूंसाठी तो मार्ग ठीक आहे. ओएलएक्स आणि फेसबुक मार्केटप्लेस हे जाहिराती लावायचे बोर्ड आहेत, तिथे लिलावाचं घड्याळ नसतं.

म्हणून साध्या मशीनसाठी मी सांगते तो मार्ग असा: जाहिरात ओएलएक्स-मार्केटप्लेसवर टाका, बोली मात्र एकाच जागी घ्या. त्यासाठी फेसबुकच्या स्थानिक खरेदी-विक्री ग्रुपवरची एक पोस्ट सर्वांत सोयीची. प्रत्येक कमेंटवर वेळ नोंदलेली असते आणि सगळ्यांना सगळ्यांची बोली दिसते. ग्रुपच्या ॲडमिनला आधी विचारा. व्हॉट्सॲपवर करायचं तर त्या मशीनपुरता वेगळा ग्रुप काढा. शिलाई क्लासच्या बाई, बचत गटाच्या अध्यक्षा, कापड पेठेतले ओळखीचे दुकानदार यांना लिंक द्या. दुरुस्तीवाल्या मेकॅनिकलाही जरूर बोलवा. तो फार चढत नाही, पण त्याची बोली पक्की असते आणि त्यामुळे किंमत फार खाली जात नाही.

मेसेजमध्ये खाजगीत आलेली बोली धरू नका. "ताई, मी गुपचूप पाचशे जास्त देतो, लिलाव थांबवा" असं कोणी म्हणालं तर त्याला उघड बोली लावायला सांगा.

सुरुवातीची किंमत आणि नियम

त्याच प्रकारच्या नव्या मशीनची दुकानातली किंमत विचारून या. साधं घरगुती मशीन जुनं झाल्यावर नव्याच्या निम्म्यापुढे जाईल अशी आशा मी धरत नाही. पीएम विश्वकर्मा योजनेत नोंदलेल्या शिंप्यांना १५,००० रुपयांपर्यंतचं टूलकिट मिळतं, त्यामुळे काही गिऱ्हाइकं थेट नव्याकडे जातात, हेही लक्षात असू द्या.

काही जण एक रुपयापासून सुरुवात करून आत राखीव किंमत लपवतात. मला ते पटत नाही. बोली पाचशेवर थांबली आणि तुम्ही नाही म्हणालात की पुढच्या वेळी कोणी येत नाही. ज्या किमतीला गेलं तरी तुम्हाला चालेल तीच सुरुवातीची किंमत ठेवा. समजा ती दोन हजार, तर नियम असे लिहा:

"सुरुवात २,००० रुपये. प्रत्येक बोली किमान १०० रुपयांनी वर. शेवट रविवारी रात्री ९ वाजता. शेवटच्या पाच मिनिटांत बोली आली तर वेळ पाच मिनिटांनी वाढेल. ज्याची शेवटची बोली, त्याने २४ तासांत ५०० रुपये विसार द्यावा आणि चार दिवसांत मशीन न्यावं. नाही नेलं तर मागच्या बोलीवाल्याला विचारलं जाईल. मशीन आहे त्या स्थितीत."

पाच मिनिटांची वाढ महत्त्वाची आहे, नाहीतर सगळे आठ एकोणसाठपर्यंत गप्प बसतात. तीन-चार दिवसांचा लिलाव पुरतो, त्यात एक शनिवार-रविवार हवा. काळ निवडता येत असेल तर शाळेच्या गणवेशांच्या आधी एप्रिल-मे, किंवा गणपतीच्या आधी. दिवाळीच्या तोंडावर टेलर मान वर काढत नाहीत, त्यांना मशीन बघायला वेळ नसतो.

आता जे कोणी सांगत नाही ते. लिलावासाठी आपल्याकडे कायदा आहे: १९३० चा मालविक्री कायदा, कलम ६४. त्यानुसार लिलाव संपल्याचं जाहीर होईपर्यंत बोली लावणारा आपली बोली मागे घेऊ शकतो. म्हणूनच दुसऱ्या नंबरच्या बोलीवाल्याशी गोडीने वागा, त्याची गरज पडू शकते. त्याच कलमात असंही आहे की बोली लावायचा हक्क आधी उघडपणे राखून ठेवल्याशिवाय विकणाऱ्याने स्वतः किंवा दुसऱ्याकरवी बोली लावायची नाही. भाव चढवायला खोटी बोली लावली तर घेणाऱ्याला सौदा मोडता येतो. तेव्हा मेव्हण्याला "दोनशे वाढव" म्हणून फोन करू नका. सांगलीसारख्या गावात कोण कोणाचा मेव्हणा हे लोकांना माहीत असतंच.

लिलाव चालू असताना

प्रश्नांची उत्तरं पोस्टखाली उघड द्या, म्हणजे तोच प्रश्न दहा जण विचारत नाहीत. "रिव्हर्स टाका आहे का?" "सुई कुठल्या नंबरची?" "मोटर बसेल का?" माहीत नसेल तर मशीनकडे जाऊन बघा आणि मग लिहा. नवीन दोष सापडला तर तो मूळ मजकुरात घाला आणि तसं कळवा. रोज संध्याकाळी "आत्ताची बोली २,९००" एवढी एक ओळ टाकली की पोस्ट पुन्हा वर येते. वेळ संपली की "लिलाव संपला, ३,६०० ला अमुक यांना" असं लगेच लिहा. त्या ओळीनंतर आलेली बोली कितीही मोठी असली तरी घ्यायची नाही.

पैसे घेताना

मशीन न बघता, घासाघीस न करता "मी लष्करात आहे, मित्र गाडी घेऊन येईल, आधी क्यूआर पाठवतो" असं म्हणणारा खरेदीदार ठग असतो, हा प्रकार देशभर चाललाय. यूपीआयवर पैसे घेताना पिन कधीच टाकावा लागत नाही आणि पैसे मिळवण्यासाठी कुठलाही क्यूआर स्कॅन करावा लागत नाही. पैसे आल्याचा स्क्रीनशॉट बघून मशीन देऊ नका, आपल्या बँकेच्या ॲपमध्ये रक्कम जमा दिसली की द्या. फसलातच तर वेळ न घालवता १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइन नंबरवर फोन करा. पहिल्या काही तासांत पैसे गोठवता येण्याची शक्यता सर्वांत जास्त असते.

मशीन पोचवणं

सांगली, मिरज, कुपवाड, माधवनगर एवढ्यात असेल तर छोटा हत्ती बोलवा आणि मशीन स्टँडसकट उभं न्या. भाडं कोणी द्यायचं ते नियमांतच लिहिलेलं बरं. चढवताना फळीला धरून उचलू नका, जुन्या फळीचे स्क्रू सुटतात. हेड वेगळं काढा: पट्टा उतरवा, हेड मागे कलवा, बैठकीच्या मागच्या काठाला बिजागरीचे दोन स्क्रू असतात ते सैल करा आणि हेड दोन्ही हातांनी सरळ वर उचला. लहान मुलांना लांब ठेवा, हे पायावर पडलं तर हाड मोडतं.

सातारा, कोल्हापूर, पुण्याला पाठवायचं असेल तर हेड आणि स्टँडचे दोन वेगळे नग करा. सुई काढा. प्रेशर फूटखाली (कापड दाबून धरणाऱ्या पायाखाली) कापडाची घडी घालून तो खाली सोडा. बॉबिन केस, बॉबिन, सुटे भाग पिशवीत बांधून आत चिकटवा. सर्वांत जास्त धोका उजवीकडच्या हातचाकाला असतो, खोकं त्या बाजूवर आपटलं तर दांडा वाकतो आणि मशीन कायमचं जातं. म्हणून हेड प्लायवूडच्या तुकड्यावर पक्कं बांधा, चाकाभोवती फोमचा जाड थर द्या, जाड खोक्यात घाला आणि ते खोकं दुसऱ्या मोठ्या खोक्यात बसवा, मधली जागा कागदाच्या बोळ्यांनी गच्च भरा. मूळ लाकडी झाकणाची पेटी हे पॅकिंग नव्हे, ती वेगळी गुंडाळा. ट्रान्सपोर्टला 'टू-पे' लावलं तर मशीन घेणारा भाडं तिथे भरतो. बिल्टीचा (ट्रान्सपोर्टच्या पावतीचा) फोटो त्याला लगेच पाठवा, आणि खोकं बंद करण्याआधी आतल्या मशीनचाही.

घेणारी व्यक्ती स्वतः आली तर मशीनवर तिला स्वतः शिवून बघू द्या. तिचाच दोरा, तिचंच कापड. मग साध्या कागदावर पावती करा: कंपनी, मशीनचा नंबर, रक्कम, तारीख, दोघांच्या सह्या, आणि "चालवून पाहून, आहे त्या स्थितीत घेतलं" ही ओळ. जुन्या मशीनला बिल नसतं, त्यामुळे ते चोरीचं नाही याचा तिच्याकडे हाच एक कागद राहतो. तेलाची बाटली, जादा सुया, बॉबिन, मॉडेलची पुस्तिका सापडली तर तीही सोबत द्या, आणि तेलाचे छेद कुठे कुठे आहेत ते बोट ठेवून दाखवा, म्हणजे खोबरेल घालायची वेळ तिच्यावर येणार नाही.